चाचणीच्या मेसेजमध्ये मी काय बोलले

हे मी मैत्रिणींना इतक्या वेळा सांगितलंय की आता त्या मला मध्येच थांबवून पुढचं वाक्य स्वतःच बोलतात. पण लिहिलं कधी नव्हतं. आता लिहायला बसले तर बोटं थांबत नाहीयेत, आणि राग पण परत तसाच येतोय. म्हणजे बघा, अजून शिळा झालेला नाही.

मी फायर अलार्मचं काम करते. बसवायचं आणि सांभाळायचं, दोन्ही. डिप्लोमा झाल्या झाल्या लोअर परळच्या एका गाळ्यातल्या छोट्या कंपनीत लागले, तिथेच आहे. ऑफिसं, टॉवर, हॉटेलं, असली गिऱ्हाइकं. सीलिंगला तो पांढरा वाटीसारखा गोळा असतो ना, लाल लाइट लुकलुकणारा, ज्याच्याकडे तुम्ही आयुष्यात कधी बघितलेलं नाही, तो डिटेक्टर. मी दिवसभर शिडीवर चढून त्याच्या तोंडात खोटा धूर मारते आणि तो जागा आहे का बघते. मुंबईची हवा खारट, गच्चीवरचे हूटर, म्हणजे भोंगे, तर एका वर्षात गंजतात. त्यामुळे कामाला मरण नाही.

तर तो टॉवर. डिलाईल रोडच्या बाजूला, काचेचा, खाली गार लॉबी, सगळ्या मजल्यांवर ऑफिसं. तिथली देखभाल आमच्याकडे. आणि टॉवरचे फॅसिलिटी मॅनेजर, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे, म्हणून मी पण साहेबच म्हणते. गिरगावातले. चार पिढ्या गिरगावातले, हे ते लिफ्ट खाली येईपर्यंत पण सांगू शकायचे. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, आणि मला सारखं "बाळ". "हे बघ बाळ." "असं नसतं बाळ." मी काळाचौकीच्या चाळीतली, हे कळल्यावर तर त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. लहान मुलाशी बोलतात तसा.

त्यांना पहिल्या मजल्यावर नवी केबिन मिळाली. मोठी, लाकडी पॅनलवाली. मी त्या दिवशी सर्व्हिसला आलेली. बघते तर केबिनमध्ये गुरुजी, चौरंग, फुलं, आणि कोपऱ्यात हे एवढं धुपाटणं. गुग्गुळ, निखारे, सगळी तयारी. आणि बरोबर वर डिटेक्टर.

मी म्हटलं, "साहेब, पूजा आहे तोवर वरचा डिटेक्टर आयसोलेट करते. म्हणजे थोडा वेळ पॅनल त्याचं ऐकणार नाही. झालं की लगेच चालू करते."

"कापूर आहे ग बाळ, फटाके नाहीत."

"धूप पण आहे साहेब."

"आणि तू बंद केलास आणि तेवढ्यात खरंच काही झालं तर? जबाबदार कोण, तू?" असं म्हणून ते गुरुजींकडे बघून हसले. गुरुजी पण हसले. मी शिडी उचलली आणि वरच्या मजल्यावर गेले. काय करणार, केबिन त्यांची, टॉवर त्यांचा.

आता हे समजून घ्या, सोपं आहे. एक डिटेक्टर वाजला तर पॅनल, म्हणजे सगळ्या डिटेक्टरांची खबर घेणारी पेटी, नुसतं कुरकुरतं, खाली कंट्रोल रूममध्ये बीप बीप करतं, गार्ड जाऊन बघून येतो. दोन डिटेक्टर वाजले की पॅनलची खात्री पटते. मग ते कोणाला विचारत नाही. मग सगळा टॉवर.

धूप केबिनमधून एसीच्या वाटेने पॅसेजमध्ये गेला. पॅसेजमध्ये दुसरा डिटेक्टर होता.

मी सातव्या मजल्यावर शिडीवर होते तेव्हा हूटर सुरू झाले. सगळे. एकदम. तो आवाज माहितीये ना, दात शिवशिवतात. लिफ्ट आपोआप खाली जाऊन थांबल्या आणि माणसं जिन्याने निघाली. शेकडो माणसं, हातात लॅपटॉप, कोणाच्या हातात अर्धा वडापाव, एक जण तर मीटिंगमधल्या परदेशी पाहुण्यांना सॉरी सॉरी म्हणत उतरत होता. मी पण त्यांच्यातून धक्के खात पॅनलपर्यंत पोचले. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं, पहिला मजला, केबिन. लपवाछपवी काही नव्हतीच. मी गार्ड काकांना सांगितलं, त्यांनी केबिन बघून आल्यावर आग नाही, धूप आहे, अशी मान हलवली, मी हूटर बंद केले.

मग बाहेर कंपाउंडमध्ये गेले. सगळा टॉवर उन्हात उभा. आणि साहेब पायरीवर चढून, कपाळाला ताजं कुंकू, मोठ्याने सांगत होते, "घाबरू नका. आग वगैरे काही नाही. अलार्मवाल्यांचं काम चालू होतं, त्यांच्या टेक्निशियनच्या हातून चूक झाली. ही बघा, ही आमची टेक्निशियन. आपण ॲक्शन घेतोय."

ही बघा. हाताने दाखवलं मला. मी तिथे धुळीचे कपडे, हातात स्मोक टेस्टरचा डबा. अगदी चोर पकडल्यासारखी.

खरं सांगते, मी भांडकुदळ आहे, चाळीत मला कोणी नडत नाही. मी पायरीकडे निघाले. तेवढ्यात फोन वाजला. आमचे बॉस, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. साहेबांनी त्यांना आधीच फोन करून टाकलेला.

"भाऊ, माझं काही नाही यात. त्यांनी धूप..."

"कळलं मला. सॉरी बोल आणि मोकळी हो."

"भाऊ!"

"हा टॉवर गेला तर गाळ्याला कुलूप लागेल ग बाय. सॉरी बोल. नंतर बघू."

मला वाटलं सॉरी म्हणजे एकदा, तिथेच. नाही. साहेबांना ते नीटनेटकं करायचं होतं. त्यांनी मला बरोबर घेतलं आणि प्रत्येक मजल्यावर नेलं. प्रत्येक ऑफिसच्या दारात उभं केलं. स्वतः बाजूला हाताची घडी घालून. आणि मी प्रत्येक ठिकाणी तेच, "माझ्यामुळे गैरसोय झाली, माफ करा." काही जण "इट्स ओके" म्हणून परत स्क्रीनकडे वळले. काही हसले. एका ठिकाणी कोणीतरी म्हणालं, "मुलगी आहे ना, शिकतेय," आणि साहेब म्हणाले, "हो ना, समजून घ्या."

पण नववा मजला. तिथे एक मॅडम होत्या, दादरच्या, गरोदर. आठवा महिना असेल, पोट केवढं. त्या नऊ मजले जिन्याने उतरलेल्या आणि परत वर आलेल्या, पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या, चेहरा पांढरा. माझं वाक्य मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, आणि सगळ्यांसमोर, एकेक शब्द तोडून, म्हणाल्या, "माझ्या बाळाला काही झालं असतं तर तुला झोप लागली असती का? जबाबदारी कळते का तुला? हे खेळणं आहे का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम."

बाजूला साहेब मान हलवत होते. तिच्या बाजूने.

बाकीचे मजले मी विसरेन. नववा नाही. मला त्या दिवशी फक्त एकच गोष्ट हवी झाली आणि पुढचे कितीतरी आठवडे तीच हवी होती. त्या बाईला कळलं पाहिजे की मी नव्हते. आणि ते साहेबांच्या तोंडून कळलं पाहिजे. बस. पगार वाढवू नका, मला काही नको.

घरी आले तर आई बांगडे साफ करत होती. माझं तोंड बघून हात थांबला तिचा.

"काय झाला गो? तोंड कित्याक उतारला?"

सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली.

"धूप तेणी घातल्यान आणि माफी तू मागलंस?"

"भाऊ बोलले म्हणून."

"भाऊ गेलो खड्ड्यात. देवाचा नाव घेवन दुसऱ्याक बोल लावता तो! तेका देव पावतलो?" मग जरा थांबून, बांगड्याचं डोकं उडवत, "मगे? तू काय करतलंस आता?"

"बघते."

"बघ. पण नीट बघ. आरडाओरड करून नको. हसत हसत कर."

माझी आई अशी आहे. लोकांच्या आया म्हणतात जाऊदे, सोड.

आता मला आमच्या मंडळाच्या माइकबद्दल सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. काळाचौकीला गणपतीत आमच्या मंडळात सूचना मी देते. कॉलेजपासून. हरवलेलं मूल, सापडलेली चप्पल, "भाविकांनी कृपया पुढे सरकत राहावे". माझा आवाज बरा आहे माइकवर, म्हणून. आणि त्या माइकवरची एक पद्धत असते, आमच्याकडच्या सगळ्यांना माहितीये. कोणी रांग मोडली, कोणी कार्यकर्त्यावर हात उचलला, तर आपण नाव घ्यायचं नाही, शिवी द्यायची नाही, भांडायला पण जायचं नाही. फक्त माइकवर नम्र सूचना द्यायची. "रांगेत मध्येच शिरलेल्या हिरव्या कुर्त्यातील भाऊंना नम्र विनंती. आपल्या मागे लहान मुलं तीन तास उभी आहेत." संपलं. हिरवा कुर्ता एकच असतो. दोन हजार माणसं वळून बघतात. कुर्तेवाले स्वतःच बाहेर निघतात, आणि त्यांना तक्रार पण करता येत नाही, कारण विनंती तर नम्र होती!

मला हे पहिल्या दिवशी सुचलं नाही हां. मी बरेच दिवस नुसती जळत होते. शिडीवर उभी राहून मनातल्या मनात भाषणं करायचे. साहेब समोरून जाताना "काय बाळ, आज काही वाजवू नकोस हं," असं म्हणायचे, रोज, लॉबीत, सगळ्यांसमोर, आणि रिसेप्शनच्या ताई खाली मान घालून हसायच्या. मी पण हसायचे. दात दिसतील असं.

मग झालं काय, की फायर ब्रिगेडच्या तपासणीची तारीख जवळ आली आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की टॉवरमधली अनाउन्समेंट फक्त इंग्रजीत आहे. त्या सिस्टीमला स्पीकर असतात ना, आग लागली की हूटर थांबून मध्ये आवाज येतो, इमारत सोडा वगैरे. ते सगळं विलायती बाईच्या आवाजात. हाउसकीपिंगच्या मावश्या, गार्ड, चहावाले, त्यांना काय कळणार? मराठीत पाहिजे. साहेबांनी भाऊंना फोन केला, "कोणाकडून तरी करून घ्या, तुमच्याकडूनच."

भाऊ मला म्हणाले, "तू मंडळात बोलतेस ना? करशील?"

मी म्हटलं, "करते ना भाऊ." इतक्या पटकन म्हटलं की ते जरा बघतच राहिले.

मेसेज तीन असतात. एक आगीचा. एक सगळं ठीक आहे, परत या, असा. आणि तिसरा चाचणीचा, जो दर सोमवारी सकाळी वाजतो, आवाज सगळीकडे पोचतो का ते बघायला. आगीच्या मेसेजला मी केसभर हात लावला नाही. तो मी इतका स्वच्छ आणि शांत बोलले की आई म्हणाली, हा ऐकून मी पण उतरून जाईन. त्याच्याशी मस्ती करायची नसते, तेवढी अक्कल आहे मला. पण तिसरा. तिसरा माझा होता.

पेन ड्राइव्ह घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकून मंजूर करायचं, हा नियम, आणि नियम मला तोडायचा नव्हता. मी लॅपटॉपवर पहिला मेसेज लावला. ते डोळे मिटून ऐकत होते, गाण्याच्या मैफिलीत बसल्यासारखे.

"वा. छान. काळाचौकीची वाटत नाहीस ग."

"थँक्यू साहेब. पुढचे दोन लावते."

"सारखेच असणार ना? माझी मीटिंग आहे. लोड कर."

"ऐकून घ्या साहेब एकदा. नंतर बदलायला परत सगळं करावं लागतं."

"बाळ, लोड कर म्हटलं ना!"

दोनदा सांगितलं मी. आई शप्पथ दोनदा सांगितलं.

सोमवारी सकाळी मी कंट्रोल रूममध्ये होते. ऑफिसं भरलेली, लिफ्टबाहेर रांगा, चहा फिरत होता. गार्डला म्हटलं, "काका, आज मराठीत आहे, ऐका." आणि बटण दाबलं. टिंग टाँग. मग माझाच आवाज, सगळ्या मजल्यांवर, जिन्यात, लॉबीत, पार्किंगमध्ये.

"नमस्कार. ही अलार्मची साप्ताहिक चाचणी आहे. आग लागलेली नाही. कृपया कोणीही जागा सोडू नये. सर्वांना नम्र सूचना. केबिनमध्ये धूप आणि कापूर पेटवू नये. मागील वेळेस संपूर्ण टॉवर त्यामुळेच रिकामा करावा लागला होता. सहकार्याबद्दल धन्यवाद."

नियमाप्रमाणे तीनदा वाजतो तो. पहिल्यांदा कोणाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्यांदा लॉबीतली माणसं बोलायची थांबली. तिसऱ्यांदा, मी काचेतून बघत होते, रिसेप्शनच्या ताईंनी दोन्ही हात तोंडावर धरलेले आणि खांदे हलत होते. लिफ्टच्या रांगेतला एक जण दुसऱ्याला विचारत होता, "केबिनमध्ये धूप? कोणाच्या?" आणि तो दुसरा नुसता पहिल्या मजल्याकडे बोट करत होता. काय सांगू तुम्हाला! विसर्जनाला ढोल लागल्यावर पाय थांबत नाहीत ना, तसं होत होतं. ते एक मिनिट मी कोणालाही विकणार नाही.

आणि मी धावले. लिफ्टची वाट न बघता, जिन्याने, नवव्या मजल्यापर्यंत. मला त्या मॅडमचं तोंड बघायचं होतं. बास, तेवढं बघायचं होतं.

खुर्ची रिकामी. खुर्चीच्या पाठीवर एक स्वेटर.

"त्या मॅडम?"

बाजूच्या मुलीने हेडफोन काढला. "ती? ती मॅटर्निटी लीव्हवर. मुलगा झाला ना तिला. सहा महिने तरी नाही आता."

मी तिथेच धापा टाकत उभी. अख्ख्या टॉवरने ऐकलं होतं. जिला ऐकवायचं होतं ती सोडून.

खाली आले तर साहेब कंट्रोल रूममध्ये. पहिल्यांदाच बघितलं त्यांना, शर्ट बाहेर आलेला.

"हे काय आहे?"

"चाचणी साहेब."

"मला अक्कल शिकवतेस? काढ ते! आत्ता!"

"तुम्ही मंजूर केलंत साहेब. मी म्हटलं पण होतं, ऐकून घ्या."

"बदनामी आहे ही!"

"नाव कुठे घेतलंय साहेब? आणि खोटं काय आहे त्यात, तेवढं सांगा. ते काढते."

त्यांनी भाऊंना फोन लावला, स्पीकरवर, मला ऐकू जावं म्हणून. सगळं सांगितलं. पलीकडे भाऊ खोकले. मला माहितीये तो खोकला, भाऊ हसू आलं की खोकतात.

"साहेब, ओळ चुकीची आहे का?" भाऊंनी विचारलं.

"प्रश्न तो नाही!"

"नाही, चुकीची असेल तर मी पोरीला कानफटवतो. पण चुकीची आहे का?"

साहेबांनी फोन कट केला.

मी म्हटलं, "काढते साहेब. लगेच काढते. नवव्या मजल्यावरच्या मॅडमना फोन करा आणि सांगा की अलार्म कशामुळे वाजला होता. माझ्यासमोर. मग काढते."

"तू मला अटी घालतेस?"

"नम्र विनंती आहे साहेब."

ते निघून गेले. पुढच्या सोमवारी मी मुद्दाम दुसऱ्या साइटवर होते, दादरला, एका शोरूमच्या सीलिंगवर. पण ताईंनी फोन करून लाइव्ह ऐकवला मला मेसेज. मागे लॉबीतली माणसं माझ्या आवाजाबरोबर एका सुरात म्हणत होती, "केबिनमध्ये धूप आणि कापूर पेटवू नये!" जसं काही आरतीच. लिफ्टमध्ये कोणी साहेबांना विचारलं म्हणे, आज काही पूजा नाही ना? चाचणी बंद करता येत नव्हती, तपासणी तोंडावर. मेसेज त्यांना स्वतःला बदलता येत नव्हता. आमचा दुसरा टेक्निशियन भाऊंनी पाठवलाच नाही, म्हणाले तो गावाला गेलाय. तो माझ्या बाजूला बसून भजी खात होता.

मग गुरुवारी साहेबांचा फोन. "ये."

कंट्रोल रूममध्ये आम्ही दोघंच आणि गार्ड काका. साहेबांनी काकांना बाहेर जायला सांगितलं. मी म्हटलं, काकांना राहू दे, त्या दिवशी माझी माफी ऐकायला अख्खा टॉवर होता. काका पॅनलकडे तोंड करून ताठ उभे राहिले.

फोन स्पीकरवर. खूप वेळ रिंग. मग नवव्या मजल्यावरच्या मॅडमचाच आवाज, मागे बाळ रडत होतं.

साहेबांनी बाळाची चौकशी केली, अभिनंदन केलं, हवामानाचं पण काहीतरी बोलले. मी समोर उभी. शेवटी ते म्हणाले, "एक सांगायचं होतं. त्या दिवशी तो अलार्म वाजला होता ना... तुम्हाला खाली उतरावं लागलं... ते त्या टेक्निशियन मुलीमुळे नव्हतं. माझ्या केबिनमध्ये पूजा होती. धुपामुळे झालं."

झालं. बोलले ते. ज्याच्यासाठी मी इतके दिवस रात्रीचं जेवण पण रागाने जेवले, ते वाक्य. पूर्ण.

पलीकडे त्यांनी बाळाला शू शू केलं. आणि सहज म्हणाल्या, "हो, माहितीये मला. जिन्यात दुसऱ्या मजल्यापासूनच गुग्गुळाचा वास येत होता. सगळ्यांनाच आला होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुढे झाले आणि फोनकडे वाकून बोलले, "मॅडम, मी ती टेक्निशियन. तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तू पण आहेस का?" आवाज जरा अडखळला. "हे बघ, मी तेव्हा इतकी घाबरले होते. पायाला गोळे आले होते. मला कोणावर तरी ओरडायचं होतं. आता साहेबांवर कसं ओरडणार? आमच्या ऑफिसचं पार्किंग, पास, सगळं त्यांच्याकडे. तू समोर होतीस. तू लहान आहेस, वाटलं, ऐकून घेशील."

"नाही घेतलं ना मॅडम," मी म्हटलं.

"काय?"

"ऐकून घेतलं नाही मी."

त्या काहीतरी बोलत होत्या, सॉरी का काय, बाळ जोरात रडायला लागलं होतं. मी लाल बटण दाबलं. साहेबांचा फोन, मी कट केला.

सगळ्यांना वास आला होता. म्हणजे मी दारादारात उभी राहून माफी मागत होते आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. इट्स ओके म्हणणाऱ्यांना. शिकतेय म्हणणाऱ्यांना. ताईंना तर नक्कीच, त्यांनी शिरा पण खाल्ला असेल पूजेचा. मी इतके दिवस एका माणसावर डूख धरून बसलेले, आणि टॉवर भरून माणसं राहिलीच होती.

साहेबांचा चेहरा मात्र उजळला. "बघ! तिला काही वाटलंच नव्हतं. उगाच एवढं ताणलंस बाळ. चल, काढ आता ती ओळ."

"काढते," मी म्हटलं. शब्द दिला होता, पाळला. लॅपटॉप उघडला, माइक लावला, ते 'मागील वेळेस'वालं वाक्य उडवलं. "पण तेवढीच जागा रिकामी राहील साहेब, पूर्ण मेसेज परत बोलावा लागेल. दोन मिनिटं. इथे आवाज करू नका, माइक सगळं पकडतो."

ते हाताची घडी घालून उभे राहिले. काकांनी पंखा बंद केला. मी एक घोट पाणी प्यायले आणि मंडळाच्या माइकवर बोलते तसं, हसऱ्या आवाजात सुरू केलं.

"नमस्कार. ही अलार्मची साप्ताहिक चाचणी आहे. आग लागलेली नाही. कृपया कोणीही जागा सोडू नये. सर्वांना नम्र सूचना. केबिनमध्ये, जिन्यात, कुठेही धूप आणि कापूर पेटवू नये."

साहेबांनी मान डोलावली. यात त्यांना हरकत घ्यायला काही नव्हतं.

"धुराचा वास आला, आणि तो कोणामुळे आला हे माहीत असेल, तर गप्प बसू नये. लगेच सांगावे."

साहेबांचं तोंड उघडलं. मी डोळ्यांनी माइक दाखवला आणि ओठांवर बोट ठेवलं. गार्ड काका पॅनलकडेच बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्या दिवशी केबिनमधला धूर बघून त्यांनीच तर येऊन मान हलवली होती.

"सहकार्याबद्दल धन्यवाद," मी म्हटलं, आणि सेव्हचं बटण दाबलं.